अँजिओग्राफी, किडनी आणि डायचा हिशेब

आजोबांना वीस वर्षांचा मधुमेह. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. डॉक्टर म्हणतात, पायाची रक्तवाहिनी तुंबली आहे, अँजिओग्राफी करून बघू. तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "नको, आधीच किडनी कमजोर, त्या डायनं पार जाईल!" आणि फाईल पुन्हा कपाटात जाते. ही फाईल सांभाळणारा बहुधा घरातला तरुण मुलगा, मुलगी किंवा सून असते. हा लेख त्यांच्यासाठी.

भीती अगदीच खोटी नाही. रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त डाय सोडतात. तो लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. ती दुबळी असेल तर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन वाढू शकतं. बहुतेकांचं ते आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. थोड्यांवर मात्र डायलिसिसची वेळ येते. पण रक्तपुरवठा सुधारला नाही, तर पाय गमावण्याचा धोकाही खराच. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: कमीत कमी डायमध्ये हे कसं करता येईल?

आधी किडनीची खरी ताकद कळायला हवी. नुसतं क्रिएटिनिन फसवतं. ७२ वर्षांच्या आजीचं क्रिएटिनिन १.५ म्हणजे "थोडंसंच जास्त" वाटतं. पण त्यावरून काढलेला ईजीएफआर जेमतेम ३७ येतो. तो ३०च्या खाली असेल तर जास्त जपावं लागतं. ईजीएफआरच्या तिपटीहून जास्त मिलिलिटर डाय जाऊ नये, असा एक ढोबळ हिशेब अनेक डॉक्टर धरतात. म्हणजे २५ असेल तर ७५ मिलीच्या आत. त्याहून कमी झाला तर उत्तमच.

डाय वाचवायचे मार्ग आहेत. आधी डॉपलर सोनोग्राफीनं अडथळ्याची जागा शोधतात. मग बारीक नळी थेट तिथवर नेऊन पातळ केलेला डाय थोडाथोडा सोडतात. काही ठिकाणी रक्तवाहिनीच्या आतून सोनोग्राफी करतात. पायासाठी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरता येतो. तो रक्तात विरघळून फुप्फुसांवाटे निघून जातो. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी मात्र तो चालत नाही.

आपल्या हातात काय? ताजा किडनी रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. मेटफॉर्मिन किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. नुकताच डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर तेही सांगा. सलाईन किती द्यायचं हे त्यांच्यावरच सोडा; हृदय कमजोर असेल तर जास्त पाणीही बाधतं. आणि घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन तपासायला विसरू नका.

फाईल कपाटात ठेवून जखम भरत नाही. ती घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, "किडनी कमजोर आहे, डाय किती लागेल?"