कंपवात झालेल्या सभासदाने पायी वारी करावी काय?



ज्येष्ठ महिना लागला की आपल्या कार्यक्षेत्रातील गावोगाव दिंडीची भिशी गोळा होऊ लागते, पताका धुऊन निघतात, ताडपत्र्या उन्हात पडतात. त्याच सुमारास काही घरांत वादही सुरू होतो. वडील म्हणतात, "वीस वर्षांचा नेम आहे, जाणार." मुलगा म्हणतो, "हात कापतोय, पाय ओढताय, कुठं निघालात?" दोघांचेही खरे असते. अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते, म्हणून हा विषय इथे सविस्तर मांडत आहोत.

कंपवात, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात, तो केवळ हाताच्या कापण्याचा आजार नाही. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टराने १८१७ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. मेंदूच्या खालच्या भागात काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि हालचाल सुरळीत ठेवणे हे त्या द्रव्याचे काम. या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणे नजरेस येतात तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेलेल्या असतात. मग हालचाल मंदावते, अंग ताठरते, चालताना एक हात हलेनासा होतो, चेहरा निर्विकार दिसतो, आवाज बारीक होतो. अक्षरही बारीक होत जाते. ऊसबिलाची सही बँकेत जुळेना म्हणून परत आलेल्या सभासदाला आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. एकदा डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही. (पॅराक्वाटसारख्या तणनाशकांशी दीर्घकाळ संबंध आलेल्यांत हा आजार अधिक आढळल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. फवारताना तोंडाला फडके, हातात मोजे आणि वाऱ्याची दिशा यांचा कंटाळा करू नये, एवढेच इथे सांगतो.)

आता वारीचे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. सगळा हिशेब अठरा दिवसांच्या आसपासचा. आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे, तोल सांभाळला जातो, घरी रोज पाच-सहा किलोमीटर चालणे होते, अशा माणसाने डॉक्टरांना विचारून, सोबत एक माणूस घेऊन जावे असे आमचे मत आहे. मात्र त्याचा दिवस पालखीच्या चौघड्यावर न चालता गोळीच्या वेळेवर चालला पाहिजे.

गोळीचे गणित असे. या आजारावरचे मुख्य औषध लेव्होडोपा. आपल्याकडे पुष्कळांना ते सिंडोपा या नावाने ठाऊक आहे. मेंदूत जाऊन त्याचेच डोपामिन बनते. सुरुवातीची काही वर्षे तीन गोळ्यांत दिवस निभतो. पुढे एकेक गोळी तीन-चार तासच पुरते. अंमल आहे तोवर माणूस बरा चालतो आणि उतरला की त्याच माणसाला उंबरा ओलांडवत नाही. लोकांना वाटते, सकाळी तर चांगला होता, आता नाटक करतोय. नाटक नसते, गोळी संपलेली असते. म्हणून चालण्याचा टप्पा गोळीच्या भरात घ्यावा. पहाटे उठल्याबरोबर गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने वाटेला लागायचे आणि गर्दी दाटण्यापूर्वी पुढचा विसावा गाठायचा. पालखीच्या पुढे चालणारे हजारो वारकरी असतात, त्यात कमीपणा कसला?

जेवणाचाही गोळीशी संबंध आहे. डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे यांतली प्रथिने आणि लेव्होडोपा यांचा शरीरात शिरण्याचा मार्ग एकच. दोन्ही एकदम गेली की गोळी मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, मळमळत असेल तर सोबत एखादे बिस्कीट खावे. पंगत कधी बसेल याचा दिंडीत नेम नसतो. म्हणून पंगतीची वाट बघत गोळी थांबवू नये, घड्याळ बघून घ्यावी.

पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा वारीतला सर्वांत लांब, सुमारे तीस किलोमीटरचा, आणि बहुधा तो ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. म्हणजे चढ, उपास आणि गर्दी एकाच दिवशी. उपासाला शेंगदाण्याची खिचडी आणि त्याच वेळी गोळी घेतली तर घाटाच्या मध्यावर पाय जमिनीला चिकटतात. निर्जळी तर मुळीच करू नये. या आजारात उभे राहताच रक्तदाब खाली येण्याची खोड असते, पाणी कमी पडले की चक्कर येऊन माणूस कोसळतो. आमचे स्पष्ट म्हणणे असे की त्या दिवशी सरळ दिंडीच्या गाडीतून सासवड गाठावे. नेम मोडला असे ज्यांना वाटते, त्यांनी दिंडीतल्या जुन्या माळकऱ्यांना विचारून पाहावे. दुखणाईताला गाडीत बसवण्याची वहिवाट प्रत्येक दिंडीत आहे.

पाय चिकटण्याविषयी थोडे. चालता चालता अचानक पाऊल उचलतच नाही, विशेषतः दारात, अरुंद जागी, वळताना किंवा मागून कुणी घाई केली की. घरचे दंड धरून ओढतात, त्याने माणूस तोंडावर पडतो. ओढू नये. थांबावे, श्वास घ्यावा, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर दोन-तीनदा झुलवावा आणि मग मोठे पाऊल टाकावे. समोर आडवी काठी धरली किंवा जमिनीवर रेघ दाखवली तर ती ओलांडायला पाऊल चटकन उठते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये. उसाने भरलेली जोड ट्रॉली आपण जशी लांबून फेर घेऊन वळवतो, तसे वळावे.

आणि इथेच टाळ-मृदंगाचा गुण येतो. नेहमीचे चालणे मेंदू आपोआप चालवतो, आणि नेमकी ती आपोआपची यंत्रणाच या आजारात बिघडते. बाहेरून ठेका मिळाला तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकतो. बॅटरी बसलेला ट्रॅक्टर ढकलून चालू करावा तसेच हे. ठेक्यावर चालवण्याचे उपचार जगभर वापरले जातात, पुण्यात या रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चाललेले आहेत. तेव्हा "ज्ञानोबा-तुकाराम"च्या ठेक्यावर आपले वडील घरापेक्षा बरे चालतात, असे कुणी सांगितले तर ती नुसती भाबडी श्रद्धा समजू नका. मात्र ठेका संथ आणि सारखा हवा. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो, तिथे यांनी बाजूला उभे राहावे. कंपवातात पावले आखूड पडत जातात आणि वेग आपोआप वाढत जातो, थांबायचे म्हटले तरी थांबवत नाही. उतार आणि मागून पळणारी गर्दी असताना हा धोका कुणी पत्करू नये. रिंगणही कडेला बसूनच पाहावे.

काही गोष्टी निघण्यापूर्वीच्या. गोळ्या सामानाच्या ट्रकात टाकू नयेत. ट्रक पुढच्या मुक्कामी गेलेला असतो आणि माणूस रस्त्यावर. एक पुडी बंडीच्या खिशात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, दुसरी सोबत्याजवळ. गोळ्या एकाएकी बंद पडल्या तर अंग लाकडासारखे ताठरून ताप चढतो आणि जिवावर बेतू शकते. नवे जोडे वाटेवर काढू नयेत. तळव्याला फार चिकट रबर असले की ओढणारे पाऊल अडखळते. झोपायला तंबूची कड धरावी, रात्री उठताना आधी बसावे, मग उभे राहावे. घडीची कमोड खुर्ची दिंडीच्या गाडीत टाकता येते, तिची लाज धरू नये. खाजकुइलीच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असतो, त्यामुळे कवचबीजाचे चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. गोळी आणि चूर्ण मिळून मात्रा जास्त होते.

सर्वांत महत्त्वाचे, खिशात चिठ्ठी. आपल्या एका सभासदाला वाटेत एका दुकानाच्या पायरीवर पाय अडकून बसावे लागले. बोलणे अडखळते, हात थरथरतो. दुकानदार म्हणाला, "माळ घालून दारू पिऊन आलाय." गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. आवाज बारीक झालेला, त्यामुळे उलट उत्तरही देता आले नाही. चिठ्ठीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे : मला कंपवात आहे, मी दारू प्यालेलो नाही. खाली गोळीचे नाव, वेळा, दिंडीचा क्रमांक, सोबत्याचा फोन. त्याच चिठ्ठीत डॉक्टरांसाठी एक ओळ हवी. उलटी थांबवण्याची पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल ही औषधे डोपामिनच्या आड येतात आणि कंपवात एकदम वाढवतात. वाटेवरच्या गर्दीच्या दवाखान्यात घाईने सुई टोचली जाते, त्याआधी ही ओळ त्यांना दाखवावी. दुसरे औषध देता येते, ते डॉक्टर पाहतील.

ज्यांचा तोल गेलेला आहे, जे दिवसातून पडतात, ज्यांना भास होतात, त्यांनी पायी निघू नये. घरच्यांनी त्यांना वाखरीपर्यंत गाडीने न्यावे आणि झेपेल तेवढे शेवटच्या वाटेवर सोबत चालवावे. पंढरपुरात दर्शनबारीत तासन् तास, लोखंडी कठड्यांच्या मध्ये उभे राहणे या आजारात फार जाचक. त्याऐवजी मुखदर्शन घ्यावे किंवा नामदेव पायरीला हात लावून कळसाला नमस्कार करावा. लाखो वारकरी तेवढ्यावरच माघारी फिरतात. परतीचा प्रवास एसटीने असेल तर कडेची जागा धरावी, दर थांब्याला खाली उतरून चार पावले टाकावी, आणि गोळीची वेळ गाडीतही चुकू देऊ नये.