झरा एक, वस्त्या अनेक

रिसोडला जीवशास्त्र शिकवताना सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना काय दाखवावं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. वाहत्या पाण्यातला एखादा बुळबुळीत गोटा पुरतो. जुन्या टूथब्रशने तो घासायचा, निघालेलं तपकिरी पाणी काचपट्टीवर घ्यायचं. डायटम हमखास भेटतात. हे एकपेशीय शैवाल. कवच सिलिकेचं, डबी आणि झाकणासारखं एकमेकांत बसलेलं. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा यांचा.

आमच्या वाशीम जिल्ह्याची हद्द ओलांडून रिसोडच्या पश्चिमेला गेलं की लोणार. विवराच्या काठाशी गोमुखातून गोडं पाणी पडतं, त्याला लोक धार म्हणतात. खालचं तळं मात्र खारं, पीएच दहाच्या आसपास. तिथून पाण्याला बाहेर वाट नाही. पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे उरतात. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. अशा दोन पाण्यांत जीव वेगळे असणार, हे कुणालाही पटेल. माझं कुतूहल एकाच झऱ्यातल्या फरकाचं.

काळ्या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि विरघळलेली सिलिका घेऊन येतं. उगमापाशी त्याचं तापमान आणि क्षार फारसे बदलत नाहीत. म्हणून तिथे हातभर अंतरावर दोन ठिकाणी वेगळे डायटम दिसले, तर कारण बहुधा पाण्यात नसतं. ते कशावर वाढले त्यात असतं.

धारेखालच्या दगडावर टिकायचं तर घट्ट धरायला हवं. कॉकोनिस चपटा होऊन दगडाला किंवा पानाला बिलगतो. गोम्फोनीमा चिकट देठावर उभा राहतो आणि उजेड गाठतो. गाळाचं गणित निराळं. तो हलतो, त्यावर नवा थर बसतो, खाली अंधार होतो. तिथे निभाव लागतो चालणाऱ्यांचा: नॅव्हिक्युला आणि निट्झशिया कवचाच्या फटीतून चिकट द्रव सोडत सरकतात आणि पुन्हा वर येतात. कडेचं मॉस धार बारीक झाली तरी ओल धरतं. कोरड सोसणाऱ्या जाती तिथे तगतात.

युरोपात नद्यांची प्रत ठरवताना शक्यतो दगडांवरचेच डायटम घेतात, म्हणजे तुलना समान पायावर होते. ते योग्यच. पण झऱ्यात कोण कोण राहतं हे जाणायचं असेल, तर दगड, गाळ, मॉस, पानं, सगळीकडून नमुना घ्यावा लागतो. सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातील डायटमांवरचा जाडजूड ग्रंथ 1984 साली औरंगाबादहून निघाला. त्यातल्या जाती पुन्हा शोधायला निघणाऱ्याने ब्रशसोबत ड्रॉपर आणि चिमटाही न्यावा.

गावोगावी कुंडांचा जीर्णोद्धार होतो आणि फरशी बसते. फरशीवरही डायटम वाढतील, पण एकाच गुळगुळीत पृष्ठभागाला मानवणारे. तेही पुढच्या घासणीपर्यंत. पाणी पूर्वीइतकंच नितळ दिसतं, म्हणून काय गेलं ते कळत नाही. माझं गावकऱ्यांना सांगणं एवढंच: भाविकांच्या पायाखाली हवी तर फरशी घाला, पण पाणी जिथून फुटतं तिथले दगड, गाळ आणि मॉस तसेच राहू द्या. त्याला खर्चही नाही.