पिकअप स्लोला थरथरते, मधेच बंद पडते?

घरची जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू होते, पण अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला की थरथरते, इंजिनाचा आवाज वर-खाली होतो आणि गिअर टाकायच्या आत बंद पडते. असे झाले की पहिला पाना जातो तो पंपावरच्या स्लोच्या स्क्रूवर. तो पिळून गाडी चालू राहते खरी, पण दुखणे आत तसेच राहते. म्हणून स्क्रूला हात शेवटी लावावा.

हे दुखणे अंगावर काढू नये. इंजिन थांबले की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही थांबतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. दोन-तीनदा पेडल दाबले की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे होते. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकेच इंजिन फिरवत राहतात. पण नारायणगावचा टोमॅटो भरून, डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये माळशेज उतरणाऱ्याला तेवढाही आधार नाही. अशा वेळी पेडल पुन्हा पुन्हा मारू नये. एकदाच जोराने दाबून धरावे आणि हँडब्रेक बेताबेताने ओढावा.

आता तपासणी. सर्वात आधी संशय हवेचा घ्यावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते, त्यामुळे तिथे चीर असली तर बाहेर थेंब दिसेलच असे नाही. ती आत हवा घेते. फीड पंपापुढच्या नळीत हातभर पारदर्शक नळी बसवून इंजिन चालू ठेवा. बुडबुडे पळताना दिसले की चोर सापडला. बहुधा कडक झालेली रबरी नळी, ढिली क्लिप, नाहीतर पुन्हा पुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर निघतो. नवा वॉशर टाका. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस संपून सलग डिझेल येईपर्यंत. हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा.

फिल्टरखालचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. पाणी असेल तर तळाशी बसते. बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांनी हे नेमाने पाहावे. नुसता फिल्टर तुंबलेला असेल तर गाडी स्लोला बरी चालते आणि चढावर भरल्या मालाने दम टाकते. अर्ध्या तासाने बंद पडणारी गाडी टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाज करून पुन्हा सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. एवढ्यासाठी पंप उतरवून घेतलेले लोक आहेत!

इंजिन ठोक्याठोक्याला एक घास चुकवत असेल, तर मिस्त्री चालू इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करून पाहतो. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नाही. हे काम माहितगारानेच, डोळ्यांवर चष्मा लावून करावे. तिथल्या फवाऱ्यासमोर बोट गेले तर डिझेल कातडीत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे. कॉमन रेलच्या गाडीत हा प्रयोग मुळीच करू नये, तिथला दाब कितीतरी पट असतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल पिकअपच नव्हे, तर त्याआधीच्याही अनेक गाड्या कॉमन रेलच्या आहेत.

धूरही पाहा. तापल्यावरही पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते; नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासा. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. काळ्या धुराला आधी एअर फिल्टर साफ करा, निळा धूर म्हणजे ऑइल जळते.

आणि सायलेन्सरचा आवाज एकसारखा असूनही केबिन खडखडत असेल, तर इंजिनाखालची रबरे बसली आहेत का ते पाहा. डिझेलच्या वाटेला हात लावायचे कारण नाही.