मतं वाढली, तरी आमदारकी गेली! धुळ्याचे डॉ. फारुक शाह यांच्या पाच वर्षांतून आपण काय शिकायचं?

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला आणि धुळे शहरातून डॉ. फारुक शाह हरले. त्या दिवसापासून आपल्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं : "आपल्याच लोकांनी मतं दिली नाहीत." जळगावच्या लग्नघरांत, चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, सगळीकडे हीच तक्रार. कोणी म्हणतं मतं फुटली, कोणी म्हणतं लोक घराबाहेरच पडले नाहीत.

आकडे मात्र वेगळंच सांगतात. 2019 मध्ये डॉ. शाह 46 हजारांहून थोडी जास्त मतं घेऊन जिंकले होते. 2024 मध्ये त्यांना 70 हजारांहून जास्त मतं पडली आणि ते हरले. म्हणजे मतं सुमारे 24 हजारांनी वाढली आणि आमदारकी गेली. समाजाने मतं दिली नाहीत, हे म्हणणं या आकड्यांसमोर टिकत नाही. मग झालं काय? हे नीट समजून घेतलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा एकमेकांनाच दोष देत बसू.

2019 : विजय कसा मिळाला?

धुळे शहराच्या राजकारणात त्याआधीची वीस वर्षं दोनच नावं होती. 1999, 2009 आणि 2014 मध्ये अनिल गोटे निवडून आले, मध्ये 2004 ला राजवर्धन कदमबांडे. 2019 ला हे दोघेही एकमेकांसमोर उभे राहिले. कदमबांडे अपक्ष आणि गोटे आपल्या लोकसंग्राम पक्षाकडून. त्यात भाजप-शिवसेना युतीने ही जागा शिवसेनेला सोडली होती, त्यामुळे शिवसेनेचे हिलाल माळी हेही मैदानात. म्हणजे बिगरमुस्लिम मतं किमान तीन ठिकाणी वाटली गेली.

डॉ. शाह यांना उमेदवारी दिली ती एमआयएमने. त्यांच्यामागे मतं एकत्र का आली, याचं कारण फक्त प्रचारात नव्हतं. धुळेकरांनी ऑक्टोबर 2008 ची दंगल पाहिली होती. 6 जानेवारी 2013 ला मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून झालेल्या भांडणातून पुन्हा दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात आपले सहा तरुण गेले. अशा शहरात "आपलं म्हणणं मांडणारं कोणीतरी सभागृहात हवं" ही भावना साहजिक होती.

24 ऑक्टोबर 2019 ला मतमोजणी झाली. डॉ. शाह पहिले, कदमबांडे सुमारे 3,300 मतांनी मागे, आणि गोटे कदमबांडेंच्या अगदी जवळ तिसरे. डॉ. शाह यांना मिळालेली मतं एकूण मतांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी होती, पण जिंकायला तेवढी पुरली.

हे गणित वर्गात आम्ही असं सांगतो. दहा मुलांना मॉनिटर निवडायचा आहे. चार जण उभे आहेत. एकाला चार मतं पडली, बाकीच्या तिघांना दोन-दोन. चारवाला मॉनिटर झाला, जरी सहा मुलांना तो नको होता. पुढच्या वर्षी दोघेच उभे राहिले. या मुलाचं एक मत कमी झालं नाही, त्याला चारच पडली, पण समोरच्याला सहा. तो हरला. आपल्या निवडणुकीत निम्मी मतं मिळवण्याची अट नाही. इतरांपेक्षा एक मत जास्त असलं की झालं. म्हणून आपल्याला किती मतं पडली याइतकंच समोरची मतं किती ठिकाणी वाटली गेली, हेही महत्त्वाचं असतं.

288 मध्ये दोन

2019 ला एमआयएमचे राज्यात दोनच आमदार आले. धुळ्याचे डॉ. शाह आणि मालेगाव मध्यचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल. 288 जणांच्या सभागृहात दोन. बोलायला वेळ पक्षाच्या ताकदीप्रमाणे मिळतो, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, अर्थसंकल्पावर बोलू शकतो. पण निर्णय सरकार घेतं.

तरीही दोन मतांना कधी कधी मोठी किंमत येते. 30 नोव्हेंबर 2019 ला उद्धव ठाकरे सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला, तेव्हा एमआयएमचे दोन्ही आमदार तटस्थ राहिले. म्हणजे बाजूनेही नाही, विरोधातही नाही. पण जून 2022 ला राज्यसभेची निवडणूक अटीतटीची झाली. तेव्हा महाविकास आघाडीला एकेक मत हवं होतं. एमआयएमने आपली दोन मतं काँग्रेसचे उमेदवार इम्रान प्रतापगढी यांना द्यायचं ठरवलं. त्याबरोबर धुळे आणि मालेगावच्या विकासकामांच्या अटी घातल्या, लोकसेवा आयोगावर अल्पसंख्याक सदस्य नेमावा आणि वक्फ मंडळाचं उत्पन्न वाढवावं अशा मागण्याही ठेवल्या. प्रतापगढी निवडून आले. मात्र त्याच महिन्यात ठाकरे सरकार गेलं आणि ज्यांच्याकडे अटी घातल्या होत्या, त्यांच्या हातात सत्ताच राहिली नाही.

शहरात काय करता आलं, काय नाही

आपल्याकडे गटार तुंबली तरी लोक आमदाराला फोन लावतात. खरं तर गटार, गल्लीतला रस्ता, नळाचं पाणी, दिवाबत्ती हे महापालिकेचं काम. धुळे महापालिकेत डिसेंबर 2018 ला भाजपने 74 पैकी 50 जागा जिंकल्या होत्या. म्हणजे आमदार एका पक्षाचा आणि पालिका दुसऱ्याची. मुदत संपल्यावर डिसेंबर 2023 पासून कारभार प्रशासकाकडे गेला. धुळ्यात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, अक्कलपाड्याच्या योजनेकडे लोक डोळे लावून बसले होते. हा राग पालिकेवर निघायला हवा होता, तो बऱ्याचदा आमदारावर निघाला.

आमदाराच्या हातात थेट असतो तो स्थानिक विकास निधी. आता तो वर्षाला पाच कोटी रुपये आहे. हे पैसे आमदाराच्या खिशात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनामार्फत होतो. म्हणून "साहेबांनी पाच कोटी खाल्ले" किंवा "साहेबांनी स्वतःच्या पैशाने रस्ता केला", ही दोन्ही वाक्यं बोलण्याआधी जरा थांबावं. कोणतं काम सुचवलं, कुठवर आलं, हे कोणालाही माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

या काळातली एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. जून 2023 मध्ये धुळ्यात टिपू सुलतान यांच्या नावाने चौकात उभारलेल्या स्मारकावरून वाद झाला. ते परवानगीविना बांधलं, अशी तक्रार भाजपच्या कार्यकर्त्यांनी केली आणि ते हटवलं गेलं. टिपू सुलतान यांच्याबद्दल आपल्या मनात आदर आहे, तो राहणारच. पण आमच्या मते इथे एक चूक झाली. ज्या कामाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्याचा कागद आधी पक्का हवा. नाही तर चौथरा जातो आणि पुढची निवडणूक त्याच्या नावावर लढली जाते.

2024 : वारं कसं फिरलं

विधानसभेआधी लोकसभा झाली. धुळे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा येतात आणि मालेगाव मध्य त्यातलीच एक. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांना 3,831 मतांनी हरवलं. बाकीच्या पाच विधानसभांत मिळून भामरे पुढे होते, पण मालेगाव मध्यने एकट्याने बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली. या निकालाला भाजपच्या नेत्यांनी 'व्होट जिहाद' म्हटलं. आपण सरळ मतपेटीतून आपला हक्क बजावला होता, एका हिंदू महिलेला निवडून दिलं होतं. तरी त्या मतदानाला जिहाद म्हणण्यात आलं, हे मनाला लागलं.

पण त्या प्रचाराचा परिणाम झाला. 8 नोव्हेंबर 2024 ला पंतप्रधानांनी महाराष्ट्रातली आपली पहिली प्रचारसभा धुळ्यातच घेतली आणि 'एक हैं तो सेफ हैं' ही घोषणा तिथे दिली. धुळे शहरात या वेळी भाजपने स्वतःचा उमेदवार दिला, अनुप अग्रवाल. 2019 ला वाटली गेलेली मतं आता त्यांच्यामागे एकवटली. अग्रवाल यांना 1 लाख 16 हजारांहून जास्त मतं पडली आणि डॉ. शाह 45 हजारांहून अधिक फरकाने हरले. अनिल गोटे या वेळी ठाकरे यांच्या शिवसेनेकडून उभे होते, ते तिसरे आले. काही जण म्हणतात, गोटे नसते तर निकाल बदलला असता. गोटेंची सगळी मतं डॉ. शाह यांच्या मतांत मिळवली, तरी बेरीज अग्रवाल यांच्या आकड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून 'अमक्याने मतं खाल्ली' हा हिशेब इथे लागूच होत नाही.

मालेगाव वेगळं, धुळे वेगळं, जळगाव वेगळं

त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यमधून मुफ्ती इस्माईल पुन्हा निवडून आले, फक्त 162 मतांनी. त्यांच्यासमोर होते आसिफ शेख. तिथे आपली वस्ती इतकी मोठी आहे की मुख्य लढत समाजातल्याच दोघांत होते. धुळ्यात तसं नाही, जळगावात तर नाहीच. मालेगावचं गणित धुळ्यात लावलं की एखाद्या वेळी समोरची फूट मदतीला येते. पण शेजाऱ्याची फूट हा आपला पाया होऊ शकत नाही. आपण एकत्र आलो की समोरचेही एकत्र येतात. 2024 ला नेमकं तेच झालं.

याची दुसरी बाजू जळगावने दाखवली आहे. 2018 ला जळगाव महापालिकेत भाजपच्या 75 पैकी 57 जागा आल्या, एमआयएमचे फक्त तीन नगरसेवक होते. मार्च 2021 मध्ये भाजपचे नगरसेवक फुटले आणि महापौरपदासाठी शिवसेनेच्या जयश्री महाजन उभ्या राहिल्या. एमआयएमच्या तिघांनी त्यांना मत दिलं आणि त्या 45 विरुद्ध 30 ने निवडून आल्या. शिवसेना आणि एमआयएम एका बाजूला, असं आधी कोणी बोललं असतं तर लोक हसले असते. तीन जण एकटे काहीच करू शकले नसते. बेचाळीस जणांबरोबर उभे राहिले म्हणून त्यांच्याशी बोलावं लागलं.

मग आता काय?

पहिली गोष्ट, अनुप अग्रवाल हे धुळ्यातल्या मुसलमानांचेही आमदार आहेत. ज्याला मत दिलं नाही त्याच्या कार्यालयात कसं जायचं, हा संकोच सोडायला हवा. यंत्रमाग कामगारांचा प्रश्न, उर्दू शाळांतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा, मुलींच्या वसतिगृहाची गरज असं लेखी निवेदन घेऊन जावं, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा विचारावं. काम केलं तर आभार मानावेत, नाही केलं तर पोच हातात असेलच.

दुसरी गोष्ट, मतदार यादी निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात पाहायची नसते. 18 पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी नमुना 6 आणि पत्ता किंवा नावातल्या दुरुस्तीसाठी नमुना 8 भरायचा. सासरी आलेल्या सुनांची नावं माहेरच्याच यादीत राहतात, हे आपल्या घरांत फार दिसतं. आपल्या भागातले बीएलओ कोण, हे आजच विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. शेजारच्या गल्लीतल्या माळी, पाटील, बौद्ध, कोष्टी कुटुंबांनाही तेच पाणी उशिरा येतं, त्यांच्याही मुलांना नोकरी नाही. त्यांच्याबरोबर आपण पाण्यासाठी पालिकेवर शेवटचे कधी गेलो होतो? उमेदवार आपला असो की त्यांचा, अशी ओळख निवडणुकीच्या महिन्यात तयार होत नाही.

डॉ. फारुक शाह यांना 70 हजार लोकांनी मत दिलं, त्या मतांचा मान राखायचा असेल तर "आपल्यांनीच दगा दिला" हे वाक्य आता बंद करू या. पुढच्या वेळी घरात ही चर्चा निघाली, तर पोरांसमोर हे दोन आकडे ठेवा, 46 हजार आणि 70 हजार, आणि त्यांनाच विचारा की कमी मतांना विजय आणि जास्त मतांना हार कशी झाली. उत्तर शोधता शोधता त्यांना निवडणूक समजेल, इन्शाअल्लाह.