विश्लेषण : पाच वर्षांत ३५ लाख घरे... आश्वासन कितपत वास्तववादी?

निवडणूक विधानसभेची असो वा महापालिकेची, जाहीरनाम्यात घराचे आश्वासन ठरलेलेच असते. राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ‘माझे घर, माझा अधिकार’ या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. गेल्या तीन दशकांचा अनुभव पाहता हे शक्य आहे का, याचा आढावा.

३५ लाख घरे म्हणजे किती?

वर्षाला सात लाख किंवा दिवसाला सुमारे १,९०० घरे. म्हाडा आणि तिच्या आधीच्या गृहनिर्माण मंडळांनी सात दशकांत राज्यात साधारण साडेसात लाख कुटुंबांना घरे दिली, असे म्हाडाचीच माहिती सांगते. म्हणजे सत्तर वर्षांत जेवढे झाले, जवळपास तेवढे आता दरवर्षी व्हायला हवे. अर्थात ही सगळी घरे सरकार स्वतः बांधणार नाही. धोरणाचा भर खासगी विकासकांच्या सहभागावर आहे.

पैशांचे गणित काय?

या घरांसाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित आहे. ३५ लाखांनी भागले तर एका घराच्या वाट्याला येतात दोन लाख रुपये. तेवढ्यात राज्यातल्या कोणत्याही शहरात पक्के घर उभे राहत नाही. उरलेली रक्कम तीनच ठिकाणांहून येऊ शकते : घर घेणाऱ्याचे कर्ज, केंद्राचे अनुदान किंवा विकासकाला दिलेले वाढीव चटईक्षेत्र. त्यामुळे ‘सरकार घरे देणार’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘सरकार परवानगी आणि सवलत देणार’ एवढाच असतो.

यापूर्वीच्या आश्वासनांचे काय झाले?

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने मुंबईतील ४० लाख झोपडीवासीयांना, म्हणजे सुमारे आठ लाख कुटुंबांना, मोफत घरांचे आश्वासन दिले. त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. पुढच्या अडीच दशकांत पूर्ण झालेली घरे अडीच लाखांच्या आसपासच राहिली. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. घरे मिळाली ती पंधरा हजारांच्या आसपास. बीडीडी चाळींची जमीन तर सरकारच्याच ताब्यातली आणि काम म्हाडाकडे. तरीही एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाल्यावर वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडले.

अडते कुठे?

झोपु योजनेत मोफत घरांचा खर्च विक्रीच्या इमारतीतून निघतो. जिथे विक्रीला चांगला भाव, तिथे विकासक येतो. डोंगरउतारावरच्या, विमानतळालगतच्या किंवा रेल्वेच्या जमिनीवरच्या वस्त्या मागे राहतात. बाजार मंदावला की काम थांबते आणि घर सोडून गेलेल्यांचे भाडेही बंद होते. अनेक कुटुंबे अशीच वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत किंवा संक्रमण शिबिरात अडकली. अखेर विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरावे, अशी अट प्राधिकरणाला घालावी लागली.

घरे बांधली की प्रश्न सुटतो का?

नाही. म्हाडाच्या विरार-बोळिंज येथील हजारो घरांना वर्षानुवर्षे ग्राहक मिळाले नाहीत. पाण्याची टंचाई हे त्यातले एक मोठे कारण. गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणीत घरे देण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मुंबईतच घर हवे म्हणून कामगार रस्त्यावर उतरले. रोजगार, लोकल, पाणी आणि शाळा यांपासून दूर असलेले घर कागदावर परवडते. रोजचा प्रवास जोडला की परवडत नाही.

मग यश कुठे मिळाले?

सोलापूरजवळ कुंभारी येथे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची ‘रे नगर’ वसाहत उभी राहत आहे. भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये आणि पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. इथे कामगारांची संस्था होती, स्वस्त जमीन हाती होती, लाभार्थी आधीच ठरलेले होते आणि केंद्र व राज्याचे अनुदान मिळाले. उरलेला वाटा कामगारांनी उचलला. मुंबई-ठाण्याच्या जमिनीच्या भावात हे गणित जसेच्या तसे बसत नाही. मात्र जमीन आणि लाभार्थी आधी ठरले तर पाच वर्षांत मोठी वसाहत उभी राहू शकते, हे त्यातून दिसते.

आकडे कसे वाचायचे?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २०१५ मध्ये ‘२०२२ पर्यंत सर्वांसाठी घर’ या घोषणेने सुरू झाली. पुढे मुदत वाढवावी लागली. देशभरात सुमारे १ कोटी १८ लाख घरे मंजूर झाली, पण त्यांत सर्वाधिक घरे स्वतःची जागा असलेल्यांनी अनुदान घेऊन बांधलेली. झोपडपट्टीच्या जागेवरच पुनर्वसन, हा घटक सर्वात मागे राहिला. शिवाय ‘मंजूर’, ‘काम सुरू’, ‘पूर्ण’ आणि ‘ताबा दिला’ हे चार वेगळे आकडे असतात. प्रचारसभेत बहुधा त्यांतला सर्वात मोठा सांगितला जातो.

३५ लाखांचे भवितव्य काय?

ठरलेल्या मुदतीत हे उद्दिष्ट पूर्ण होणे आजवरच्या वेगाने अवघड आहे. काही लाख घरे मात्र शक्य आहेत, जमीन आधी निश्चित झाली तर. धोरणात सरकारी जमिनींची बँक तयार करण्याची तरतूद आहे. त्या यादीत कोणत्या शहरात, स्थानकापासून किती अंतरावर आणि किती जमीन दाखवली जाते, यावरून घोषणेचा खरा आकार कळेल. मतदारांनीही उमेदवाराला घरांच्या संख्येआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात : जमीन कोणती, हप्ता किती आणि काम रखडले तर भाडे कोण देणार?