क्रीडाजन्य गुडघेदुखापतीत हाडाला बसणारा मुका मार : स्वरूप आणि निदान

प्रस्तावना :
कबड्डीच्या मैदानावर चढाईपटू एकाएकी दिशा बदलतो, पाय जमिनीवर रोवलेला राहतो आणि गुडघा आत वळतो. काही तासांतच गुडघा सुजतो. क्ष-किरण चित्रात अस्थिभंग आढळत नाही आणि ‘हाड शाबूत आहे’ एवढ्यावर विसंबून खेळाडूस पुढील सामन्यात उतरविले जाते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या काळात हा प्रसंग अनेक प्राध्यापकांच्या परिचयाचा असेल. अस्थिभंग नसणे म्हणजे इजा नसणे नव्हे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इजेचे स्वरूप :
हाडाच्या कठीण कवचाखाली जाळीदार भाग असून त्याच्या पोकळ्यांत मज्जा असते. जोराच्या आघाताने या जाळीतील सूक्ष्म पट्ट्या मोडतात, रक्तस्राव होतो व द्रव साचतो. कवच मात्र अखंड राहते. साध्या क्ष-किरण चित्रात मज्जेतील हा द्रव उमटत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एम.आर.आय. तंत्रामुळे ही इजा प्रत्यक्ष पाहता येऊ लागली.

निदान :
एम.आर.आय.मध्ये चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या प्रतिमांत मार लागलेला भाग उजळ दिसतो. त्याचे स्थान विशेष बोलके असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरील भाग आणि नडगीच्या माथ्याचा बाहेरील-मागील भाग या दोन्ही ठिकाणी मार आढळल्यास ए.सी.एल. हा अस्थिबंध तुटल्याची दाट शक्यता असते. वाटीची आतील बाजू व मांडीच्या हाडाची बाहेरील बाजू दुखावली असल्यास वाटी निसटून पुन्हा जागेवर आली असावी. दोन्ही हाडांच्या पुढील भागांवर समोरासमोर मार असल्यास गुडघा उलट दिशेने ताणला गेला असावा.

तथापि असाच उजळपणा जंतुसंसर्गात किंवा अतिश्रमाने पडलेल्या सूक्ष्म भेगेतही दिसू शकतो. म्हणून दुखापत कशी झाली, सूज किती वेळात आली, खेळाडूस पायावर भार देता आला का, या माहितीवाचून प्रतिमेचा अर्थ अपुरा राहतो. ही माहिती मैदानावर उपस्थित असलेला शिक्षकच अचूक देऊ शकतो. प्रत्येक दुखापतीत ही खर्चिक तपासणी आवश्यक नसते. तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञाने घ्यावयाचा असतो.

निष्कर्ष :
हा मार भरून येण्यास अनेक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने लागतात. त्या काळात वेदना दाबून खेळविल्यास सांध्यातील कूर्चेची हानी होण्याचा धोका संभवतो. अस्थिबंधाची इजा लक्षात न आल्यास गुडघा पुन्हा निसटून नवी दुखापत होते. यास्तव क्रीडाशिक्षकाने दुखापतीची लेखी नोंद वैद्यकांकडे पाठवावी आणि केवळ निर्दोष क्ष-किरण चित्राच्या आधारे खेळाडूस मैदानात उतरवू नये. एका सामन्याच्या विजयापेक्षा विद्यार्थ्याचा गुडघा निश्चितच मोलाचा आहे.