विश्वसनीयतेचा प्रश्न : मानसशास्त्रीय मापन आणि साहित्याभ्यास

वाचकांच्या प्रतिसादाचा प्रश्नावलीद्वारे शोध घेणे, कवितेच्या आस्वादाची श्रेणी ठरविणे, विद्यार्थ्यांच्या रसग्रहणाला गुण देणे या सर्व कृतींमध्ये मनोव्यापाराचे मापन अभिप्रेत असते. त्यामुळे मानसशास्त्राने मापनाच्या विश्वसनीयतेविषयी केलेला विचार साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. एकाच गोष्टीचे मापन पुन्हा केले असता निष्कर्ष कितपत स्थिर राहतो, हा या विचाराचा गाभा होय.

या विचाराची सैद्धांतिक मांडणी चार्ल्स स्पिअरमन याने १९०४ मध्ये केली. प्रत्यक्ष मिळालेला प्राप्तांक हा खरा प्राप्तांक आणि त्रुटी यांची बेरीज असतो, अशी त्यामागील कल्पना आहे. प्राप्तांकांत दिसणाऱ्या एकूण फरकांपैकी खऱ्या फरकांचा वाटा किती, हे प्रमाण म्हणजे विश्वसनीयता. ते शून्य ते एक या मर्यादेत मांडले जाते. मात्र त्रुटीचे उगम अनेक असल्याने विश्वसनीयताही एकविध राहत नाही. तीच चाचणी काही काळाने पुन्हा दिली असता कालपरत्वे होणारा बदल कळतो. एकाच चाचणीतील प्रश्नांची परस्परसंगती ली क्रॉनबाख याने १९५१ मध्ये मांडलेल्या अल्फा गुणकाने पाहिली जाते. जेथे माणूसच मापनाचे साधन असतो, तेथे परीक्षकांमधील एकमत तपासावे लागते. साहित्याच्या संदर्भात हा तिसरा प्रकार सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजी विषयाच्या त्याच उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांकडे तपासणीसाठी पाठविल्या. एका उत्तरपत्रिकेला निरनिराळ्या शिक्षकांनी दिलेले गुण ६४ पासून ९८ पर्यंत पसरले होते. हा दोष भाषाविषयाचाच असावा, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. परंतु १९१३ मध्ये भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर असाच प्रयोग झाला, तेव्हाही गुणांत मोठी तफावत आढळली. इंग्लंडमध्ये फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स यांच्या १९३५ मधील अभ्यासाने याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आणली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. परीक्षकाचे दुसऱ्याशी सोडाच, स्वतःशीही एकमत राहिले नव्हते.

एकमत मोजतानाही सावधगिरी हवी. समजा, दोन अभ्यासकांनी एका कवितेवरील १०० वाचकांचे अभिप्राय 'भावनिक' आणि 'अभावनिक' अशा दोन वर्गांत विभागले, आणि ८४ ठिकाणी त्यांचे एकमत झाले. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु दोघांनीही ९० अभिप्राय 'भावनिक' ठरविले असतील, तर निव्वळ योगायोगानेच ८२ ठिकाणी एकमत अपेक्षित आहे. जेकब कोहेन याने १९६० मध्ये सुचविलेला काप्पा गुणक हा योगायोगाचा भाग वगळतो. या उदाहरणात तो जेमतेम ०.११ येतो. म्हणजे टक्केवारी भरघोस असूनही वर्गीकरणावर विसंबणे धोक्याचे ठरते.

यावरील एक उपाय म्हणजे परीक्षकांची संख्या वाढविणे. स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे दिलेल्या सूत्रानुसार, एका परीक्षकाच्या गुणांकनाची विश्वसनीयता ०.५० असेल, तर तुल्य क्षमतेच्या दोन परीक्षकांच्या सरासरीची ०.६७ आणि चौघांच्या सरासरीची ०.८० होते. मात्र विश्वसनीयता म्हणजे सप्रमाणता नव्हे. सर्व परीक्षकांनी केवळ हस्ताक्षर पाहून गुण दिले, तर त्यांच्यात उत्तम एकमत होईल, पण मोजली जाईल ती रसग्रहणशक्ती नव्हे. त्याचप्रमाणे एकच प्रश्न शब्द बदलून दहा वेळा विचारल्यास अल्फा गुणक वाढतो, परंतु आस्वादाचे आकलन वाढत नाही.

येथे साहित्याभ्यासापुढील खरा पेच उभा राहतो. आय. ए. रिचर्ड्स याने केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचे विश्लेषण १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या प्रतिक्रियांतील विलक्षण भिन्नता ही मापनाची त्रुटी नव्हती, तर तोच अभ्यासाचा विषय होता. वाचकावाचकांमधील भेद पुसून टाकणे हे संशोधनाचे ध्येय असू शकत नाही. 'सहृदय' ही संकल्पना मानणाऱ्या परंपरेलाही वाचकाच्या अधिकारातील तरतमभाव मान्यच आहे. परंतु त्या भेदांची नोंद करणाऱ्या संशोधकांमध्ये एकमत नसेल, तर भेद वाचकांचा की नोंद करणाऱ्यांचा, हे सांगता येणार नाही. तात्पर्य, अर्थाची अनेकता हे साहित्याचे वैभव आहे. तिचा दाखला देऊन गुणांकनातील आणि वर्गीकरणातील अस्थिरतेचे समर्थन करणे मात्र योग्य नव्हे, कारण त्या अस्थिरतेची किंमत विद्यार्थ्याला आणि संशोधनाच्या निष्कर्षांना मोजावी लागते.